मंदीची ओळखपरेड

"तात्या, नीट आठवा. ही तीच का?"

विचारत होता एकटा बिराजदार, पण कट्ट्यावर बसलेले सगळेच पुढे वाकले होते. पोलीस चोर धरतात तेव्हा चार माणसं ओळीत उभी करतात आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्याला म्हणतात, बघ बाबा, यातला कोण. आमच्या कट्ट्यावर त्या दिवशी मंदीची तशी ओळखपरेड चालली होती. फरक एवढाच, की इथं चोर एकच होता आणि साक्षीदाराच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

साक्षीदार म्हणजे माझे सासरे. गल्ली त्यांना तात्या म्हणायची, मी मामंजी.

साल दोन हजार नऊ. सोलापुरात संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती. आमचा भाग टॉवेलच्या कारखान्यांचा. कारखाना म्हणजे काय, घरामागे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये चार-आठ माग. दिवाळीपासून एकेक शेड गप्प होत गेली होती. एरवी आमच्या गल्लीत शेजारणीशी बोलायचं तर घसा ताणावा लागायचा. आता कुणी शिंकलं तरी पलीकडच्या बोळातून "जीव गं" असं ऐकू येत होतं.

माल अमेरिकेला जायचा, आणि अमेरिकेनं नको म्हटलं होतं.

"तिथली माणसं काय अंग पुसायची थांबली का?" मी आमच्या यांना विचारलं होतं.

"जुन्याच टॉवेलनं पुसालेत," हे म्हणाले. हसले नाहीत. आमचे हे, म्हणजे सिद्राम, तसे विनोदी माणूस. पण माग थांबल्यापासून त्यांचे विनोद तोंडातून नुसते गळायचे.

टीव्हीवर कोट घातलेली माणसं रोज एकच सांगत होती. एकोणीसशे तीसच्या महामंदीनंतरची ही सगळ्यात मोठी मंदी. एक म्हणायचा, ही दुसरी महामंदीच. दुसरा म्हणायचा, छे, ती वेगळी, ही वेगळी. भांडत भांडत जाहिराती यायच्या. आणि ते ऐकून कुणाच्या तरी डोक्यात आलं, की तीस साली जगात असलेला माणूस गल्लीत एकच आहे. तात्या ढोले. सोलापुरात मार्शल लॉ लागला त्या वर्षी जन्मलेला.

म्हणजे पाळण्यात. पण घाबरलेल्या माणसांना पाळणा दिसत नाही.

"आठवतं की," मामंजी म्हणाले. "मंदी काय वर्षात संपली का? चांगली मी पाटी घेऊन शाळेत जाईपर्यंत होती."

"मग सांगा ना. ही तीच का?"

मामंजींनी पटका काढून मांडीवर ठेवला, डोक्यावरून हात फिरवला, पटका परत घातला. "घाई करू नका बे. शुक्रवारी सांगतो."

शुक्रवार त्यांनी उगाच म्हटला नव्हता. शुक्रवारी मैनुद्दीनभाई येणार होते.

मैनुद्दीनभाई भंगारवाले. माणूस गोड, पण धंदा असा, की दारात उभे राहिले तरी लोक नजर चुकवायचे. ते आदल्याच दिवशी सांगून गेले होते, "बिडाच्या लोखंडाचा भाव रोज उतरालाय तात्या. तुमचे, बिराजदाराचे आणि पलीकडच्या दोघांचे माग मिळून दिले तर माझा ट्रक भरतो. जुम्म्याची नमाज झाली की माणसं घेऊन येतो. त्यानंतर मला बोलवू नका. त्यानंतर मीच कुठं तरी चहाची गाडी लावणार."

हिशेब सरळ होता. मंदी चार-सहा महिन्यांची असेल तर पोटाला चिमटा घेऊन माग सांभाळायचे, कारण एकदा घणाखाली गेलेला माग परत उभा राहत नाही. आणि ही जर खरंच ती मोठी असेल, सात-आठ वर्षांची, तर आजच मोडायचे. उद्या लोखंडालाही कुणी विचारणार नाही. म्हणजे टीव्हीवरच्या कोटवाल्यांना जे नुसतं भांडायला हवं होतं, ते आम्हाला शुक्रवारपर्यंत ठरवायला हवं होतं.

"तुम्हाला काय वाटतं?" त्या दुपारी मी यांना विचारलं.

"मला मोडावं वाटतं. पुण्यात मेव्हणा ड्रायव्हर म्हणून लावतो म्हणालाय."

"आणि मामंजी?"

"तेच की. त्यांच्या तोंडून 'मोडा' निघाल्याशिवाय मी हात लावणार नाही. एकेक माग त्यांनी आणलाय." यांनी ताटातल्या भाकरीचा तुकडा उगाच इकडून तिकडे केला. "तू त्यांना काही शिकवू नकोस हां कस्तुरा. तुला माग सोडवत नाहीत, मला माहिताय."

ते खरं होतं. लग्न होऊन आले तेव्हा मला शेडच्या आवाजानं डोकं धरून बसावं लागायचं. पुढं सुताच्या कांड्या भरायला शिकले, तुटलेला धागा जोडायला शिकले, आणि एकदा दोन विणकर एकदम आजारी पडले तेव्हा मामंजींनी मला मागावर उभं केलं. दाराजवळचा पहिला माग. कापड गिरणीतली नोकरी सुटल्यावर मामंजींनी आयुष्यात आणलेलाही तोच पहिला. "बाई मागावर?" म्हणून गल्ली जमली होती. मामंजी म्हणाले, "मागाला काय कळतंय, हात कुणाचा ते." त्या दिवसापासून घरातली भांडी माझी असतील नसतील, तो माग माझा होता.

शिक्षण सातवी. त्यापुढचं सगळं वाचनालयाच्या खिडकीतून. तिथंही मी त्या आठवड्यात जाऊन आले, महामंदीवर काही आहे का म्हणून. एक जाड पुस्तक मिळालं. त्यात बँका होत्या, शेअर बाजार होता, रांगेत उभी असलेली टोपीवाली माणसं होती. सोलापूर नव्हतं. ती येते तेव्हा गल्लीत कशी दिसते, ते त्या माणसानं लिहिलं नव्हतं. बहुतेक तो कुठल्या गल्लीत राहत नसावा.

ओळखपरेडीच्या दिवशी संध्याकाळी मामंजींनी मला हाक मारली.

"कस्तुरा, बाजारात गेलतीस?"

"हो. मेथी आणली."

"वाटेत कोण कोण भेटलं?"

मी सांगितलं. बिराजदाराची बायको, पिठाच्या गिरणीतला, नळावरच्या दोघी-तिघी.

"त्यातलं 'जेवलीस का' म्हणून कोण विचारलं?"

मला वाटलं, म्हाताऱ्याचं काही तरी बिनसलं. आमच्याकडं तो प्रश्न आहे का? तो 'राम राम' आहे. सकाळी दहाला विचारतात, दुपारी चारला विचारतात. 'जेवलीस का' म्हणायचं, 'जेवले की, तू?' म्हणायचं आणि पुढं निघायचं. कुणी विचारलं ते कोण ध्यानात ठेवतं?

"बिराजदारवहिनींनी विचारलं बहुतेक. आणि नळावर एकीनं."

"पिठवाला?"

"नाही. तो पीठ झाडत होता."

"हं," मामंजी म्हणाले आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी मला मीठ संपलेलं नसताना मीठ आणायला पाठवलं. तेही सरळ नाही. नळावरून जा, विठ्ठल मंदिराच्या अंगानं ये. परत आले तशी कट्ट्यावरच उलटतपासणी. कोण भेटलं? कोण विचारलं? कोण विचारलं नाही?

"मामंजी, कुणी माझ्या जेवणावर नजर ठेवून आहे का?"

"ठेवू दे की. तू सांग."

हे आतून ऐकत होते. म्हणाले, "म्हातारं गेलं वाटतं कामातून. बाहेर गावाचा जीव टांगणीला आणि ह्यांना सुनेच्या जेवणाची पडली."

"जीव टांगणीलाच राहू दे तुझा," मामंजी तिथूनच म्हणाले. "खाली आला की मैनुद्दीन वजन करतोय."

पण त्यांनी विचारायला लागल्यावर मला दिसायला लागलं. आधी दिसत नव्हतं. नळावर बायका होत्या त्याच होत्या, पण मी गेले की बोलणं हंड्यावरून सुरू व्हायचं आणि हंड्यावरच संपायचं. पाणी आलं का, किती वेळ होतं, लाइट कधी जाणार. बिराजदारवहिनी समोरून आल्या आणि एकदम त्यांना पलीकडच्या भिंतीवरचा सिनेमाचा कागद वाचावासा वाटला. त्यांना वाचता येत नव्हतं. एका गल्लीतल्या माणसांनी एकमेकांना इतकं सांभाळून ओलांडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जणू प्रत्येकाच्या हातात काठोकाठ भरलेलं काही तरी होतं.

आणि मीही तशीच चालत होते. नरसम्माच्या घरावरून जाताना तर मी पदर सावरण्याचं निमित्त काढून मान दुसरीकडं वळवायची.

नरसम्मा आमच्या शेडमध्ये कांड्या भरायची. तेलुगू बाई. माझ्याहून लहान, पण हात माझ्याहून कितीतरी चपळ. सकाळी आल्या आल्या तिचा पहिला शब्द, "अक्का, तिन्नारा?" म्हणजे, जेवलात का. मी म्हणायची, "अगं, चूल पेटायची आहे अजून." ती म्हणायची, "मग काय झालं, विचारायला चूल लागते का?" रोज हेच. माग थांबले आणि तिला आम्हीच येऊ नको म्हटलं. नवरा भिवंडीला काम बघतो म्हणून गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. ती पोरीला घेऊन घरी विड्या वळायला बसली होती, पण सगळ्याच बायका विड्या वळायला बसल्यावर पान तरी कुणाकुणाला पुरणार?

बुधवारी मामंजींनी विचारलं, "नरसम्मा भेटली का?"

"नाही," मी म्हटलं. भेटली नव्हतीच. तिच्या दारापुढून मी गेले होते, एवढंच.

शुक्रवार उजाडला. मी सकाळी नळावर जाऊन आले, दुकानात जाऊन आले, आणि मामंजींनी न सांगता तिसरीही फेरी मारून आले. बिराजदारवहिनी, पिठवाला, मंदिराचा गुरव, सगळे दिसले.

"किती जणांनी?" मामंजींनी विचारलं.

"कुणीच नाही."

"एकानंही?"

"नाही मामंजी."

 मामंजींनी हातानं शेजारची जागा चाचपून दाखवली. सासऱ्याशेजारी कट्ट्यावर बसायची आमच्यात रीत नाही. मी पायरीवर बसले.

"आम्ही गिरणीच्या चाळीत राहायचो," ते म्हणाले. "मी एवढाएवढा होतो. बाकी काही म्हणजे काही आठवत नाही मला. पैसा आठवत नाही, संप आठवत नाही. आठवतं ते एवढंच. आई मला घेऊन चाळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि एक बाई तिला 'जेवलीस का' म्हणून विचारायची नाही. दारात उभ्या असायच्या, बघायच्या, आणि आत जायच्या."

"का?"

"विचारलं आणि समोरची 'नाही' म्हणाली, तर? मग 'ये' म्हणावं लागतं. घरात असलं तर वाढावं लागतं, नसलं तर नसलेलं दाखवावं लागतं. त्यापेक्षा विचारूच नये." त्यांनी डोळे पुसले. मोतीबिंदूचं पाणी, की दुसरं, ते मला कळलं नाही. "माल पडून राहणं, भाव उतरणं, हे येतंच गं दर चार-पाच वर्षांनी. ती मंदी नव्हे. माणूस माणसाला विचारायचं थांबतंय, ती मंदी. ही तीच आहे. सिद्रामला सांग, मोडा म्हणावं."

मी उठले नाही.

"जा," ते म्हणाले. "तुझा माग त्यातच आहे, मला माहिताय. माझापण आहे."

नमाज झाल्यावर मैनुद्दीनभाई दोन माणसं आणि घण घेऊन आले. बिराजदार आणि बाकीचे दोघे कट्ट्याखाली उभे होते. आमच्या घरचं आधी, मग त्यांचं, असं ठरलं होतं. मृताच्या घरी जमतात तसे सगळे उभे. कुणी पान खात नव्हतं, कुणी थुंकतही नव्हतं.

"दाराजवळचा आधी काढावा लागंल भाभी," मैनुद्दीनभाई मला म्हणाले, "नाहीतर आतले बाहेर निघत नाहीत."

"असू दे," मी म्हटलं.

बीड ठिसूळ असतं. मला वाटलं होतं, एवढा आयुष्यभराचा माग, मोडायला दुपार जाईल. पहिल्या घणाला बाजू तडकली आणि दुसऱ्याला खाली आली. आवाज मात्र असा झाला, की गप्प गल्लीतली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. आमचे हे शेडच्या भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांनी मागाच्या फळीवरचा, आडवा धागा नेणारा धोटा उचलून खिशात घातला. कशाला, ते त्यांनाही माहीत नसावं.

मैनुद्दीनभाईंची माणसं तुकडे बाहेर ओढू लागली आणि मी कट्ट्यावर आले. मामंजी तोंड शेडकडं न करता रस्त्याकडं करून बसले होते.

तेवढ्यात नरसम्मा आली.

घणाचा आवाज ऐकून आली असणार. केस विंचरलेले, कुंकू ठसठशीत, पण चेहरा असा ओढलेला, की मी आधी तिची थोरली बहीण समजले. रस्त्यात पडलेले तुकडे तिनं बघितले. माझ्याकडं बघितलं.  मग ती कट्ट्याशी आली, मामंजींच्या पुढ्यात उभी राहिली आणि नेहमीसारखी म्हणाली,

"तात्या, जेवलात का?"

मामंजींची मान वर आली. डोळ्यांना दिसत नव्हतं, ते आवाजाच्या दिशेनं बघत राहिले.

"कोण?"

"मी नरसम्मा. जेवलात का म्हटलं."

"कस्तुरा," मामंजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा चढला, की कट्ट्याखालची माणसं दचकली, "कस्तुरा, ऐकलंस का? विचारलं! हिनं विचारलं! सिद्राम! थांबव बे ते. थांबव म्हणतो ना! ही ती नव्हे!"

हे धावत बाहेर आले. "काय झालं?"

"ही ती नव्हे. माग ठेवा."

"आता?" यांचा चेहरा मला अजून दिसतो. "सकाळी तीच होती, दुपारी नव्हे? तात्या, एक माग पडलाय तिथं! माणसं बोलावलीत मी! तुम्ही खेळ लावलाय का?"

"एक गेला, सात आहेत. मैनुद्दीन, तेवढाच घेऊन जा."

"तात्या, ट्रक आणलाय मी," मैनुद्दीनभाई म्हणाले. "सौदा झालाय आपला."

"झालाय. माझी जबान खोटी झाली, हे गावात सांग. पण घण उचलू नको."

मैनुद्दीनभाईंनी कट्ट्यावरच्या म्हाताऱ्याकडं बघितलं, मग यांच्याकडं, मग आपल्या ट्रककडं. "अल्ला," ते म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणतो, म्हाताऱ्या माणसाकडनं लोखंड घेऊ नये." आणि माणसांना हात केला.

बिराजदार पुढं आला. "मग तात्या, आमचं काय?"

"तुला जे करायचं ते कर. मला विचारशील तर ठेव. हिला काम नाही, हिचा नवरा नाही इथं, आणि ही मला विचारती जेवलात का. ती मंदी असती तर हिच्या तोंडातून हे निघालं नसतं. मी बघितलीय ती."

हे आत गेले आणि शेडचं दार लावून घेतलं. पुढं पंधरा-वीस दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. वडिलांशी बोलत होते. मला वाटतं, त्यांचा समज असा झाला, की नरसम्माला मीच बोलावून आणलं.

मी तिला हाताला धरून घरात नेलं. "आधी जेव," म्हटलं. त्या दिवशी आमच्याकडं कुणी जेवलंच नव्हतं, सगळं तसंच पडून होतं. ज्वारीच्या भाकरी, मुगाची आमटी, शेंगाची चटणी. मी इतकी खुशीत होते, की मला कशाचंच भान नव्हतं. सात माग. मी तिला सांगत होते, की मामंजी चाळीत कसे राहायचे, तिथल्या बायका कशा विचारायच्या नाहीत, आणि तिच्या एका शब्दानं काय झालं. "तुझ्यामुळं वाचले गं," मी म्हणत होते आणि वाढत होते. ती मान हलवत होती आणि खात होती.

माग वाचले, हे खरं. गल्लीत बिराजदारानं आणि आणखी एकानं ठेवले, तिसऱ्यानं त्याच दिवशी संध्याकाळी मोडले. पुढची दिवाळी उलटल्यावर व्यापारी माल थोडा थोडा उचलायला लागले. हे पुण्याला गेले नाहीत. त्या दिवसाचा विषय निघाला की हे धोटा ठेवलेल्या कपाटाकडं बघून म्हणायचे, "आमच्याकडं मंदी दुपारी संपली." विनोद परत आले होते.

नरसम्मा परत आली नाही. कांड्या भरायला बोलवायला मी तिच्या घरी गेले तर कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, उन्हाळ्यातच पोरीला घेऊन भिवंडीला गेली. नवरा सापडला का, ते तिला माहीत नव्हतं. विचारलं नाही म्हणाली.

तीन वर्षांनी मामंजी गेले. तेराव्याला त्यांची थोरली बहीण बार्शीहून आली. चंपाआत्या. नव्वदीच्या घरातली बाई, पाठीतून पार वाकलेली, पण जीभ सरळ. पाहुणे पांगल्यावर त्या मागच्या दारी उन्हाला बसल्या होत्या, शेडमध्ये माग चालू होते, आणि मी त्यांना त्या शुक्रवारची गोष्ट सांगितली. मोठ्यानं सांगावी लागली, खडखडाटामुळं. मला वाटलं, भाऊ कसा हुशार होता ते ऐकून त्यांना बरं वाटेल.

"कोण विचारायचं नाही म्हणाला?" आत्या म्हणाल्या.

"चाळीतल्या बायका. 'जेवलीस का' म्हणून."

"अगं, तो कडेवरचा. त्याला काय ठावं!" आत्या हसल्या, दात नसलेलं हसू. "बायका विचारायच्या नाहीत, खरंय. पण का? आम्ही विचारायचो म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? आई मला सकाळी पाठवायची. ह्याला माझ्या कडेवर द्यायची. जा, दारोदार विचारून ये, म्हणायची. भीक मागायची नाही हां, भीक मागितली तर पाय मोडीन. नुसतं विचारायचं. 'काकी, जेवलात का?' कुणी भलं असलं तर म्हणायचं, 'जेवले बाई, तू जेवलीस का?' मग आपण गप उभं राहायचं. की आत बोलवायचे. पहिला घास मी ह्याला भरवायची." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मग बायका शहाण्या झाल्या. आम्ही येताना दिसलो की दारं लोटून घ्यायच्या. तेवढंच राहिलं असंल त्याच्या डोक्यात. दारं."



"त्या सालात जो तो विचारायचा गं," आत्या म्हणाल्या. "गिरणीचा भोंगा बंद, आणि सगळ्या चाळीत एकच. जेवलात का, जेवलात का."

शेडमध्ये सात माग चालले होते. त्यातला एक थांबला, विणकरानं धागा जोडला, परत सुरू झाला. मला स्वयंपाकघरातली ती दुपार आठवली. मी वाढत होते, ती खात होती. आमच्यात पाहुणा दुसऱ्या भाकरीलाच ताटावर हात आडवा धरतो, पुरे पुरे म्हणतो, पोट रिकामं असलं तरी म्हणतो.

नरसम्मानं एकदाही हात आडवा धरला नव्हता.